संभाव्यतेचे अध्यापन : प्रयोग व खरी नोंद

संभाव्यता हे प्रकरण इयत्ता दहावीच्या गणितात येते. २०१८ साली आलेल्या 'गणित भाग १' ह्या पाठ्यपुस्तकात ते पाचवे आहे आणि परीक्षेच्या दृष्टीने सोपे समजले जाते. नमुना अवकाश लिहावयाचा, घटनेतील घटक मोजावयाचे आणि एका संख्येस दुसरीने भागावयाचे, की गुण पदरात पडतात. फासा टाकला असता समसंख्या मिळण्याची संभाव्यता एक द्वितीयांश, हे उत्तर विद्यार्थी फाशाला हात न लावता देतो आणि ते बरोबर असते. परंतु त्याच विद्यार्थ्यास, 'मग हा फासा दहा वेळा टाक. समसंख्या किती वेळा येईल?' असे विचारले, तर तो निःशंकपणे 'पाच वेळा' म्हणतो. प्रत्यक्षात ती सात वेळा आली, तर एक तो फाशास दोष देतो किंवा वहीत पाच लिहून मोकळा होतो. ह्या विषयाच्या अध्यापनातील खरी अडचण ती हीच.

ही अडचण माध्यमिक शाळेत निर्माण होत नाही. तेथे ती केवळ उघडी पडते. सहावी ते आठवीच्या वर्गांत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांत, मुलाने स्वतः नाणे उडवून, नोंद करून, शेकडेवारी काढून पाहिली असेल, तर दहावीतील सूत्र त्याच्या अनुभवावर बसते. तसे झाले नसेल, तर सूत्र नुसते पाठ होते. म्हणून पुढील विवेचन माध्यमिक शिक्षकांइतकेच प्राथमिक शिक्षकांसही उद्देशून आहे.

एखादा प्रयोग अनेक वेळा करावा, इष्ट घटना किती वेळा घडली ते मोजावे, व त्या संख्येस एकूण प्रयोगसंख्येने भागावे. येणाऱ्या गुणोत्तरास प्रायोगिक संभाव्यता म्हणतात. सैद्धांतिक संभाव्यता ही प्रयोगाविना काढलेली असते. मात्र त्यासाठी सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत असे गृहीत धरावे लागते. 'गृहीत धरावे' ह्या शब्दांवर वर्गात थांबावयास हवे, आणि नेमके तेथेच सहसा कोणी थांबत नाही. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन ह्याने १८९४ मध्ये बारा फाशांचा संच २६,३०६ वेळा टाकल्याची नोंद आहे. एकूण ३,१५,६७२ फासे पडले. पाच किंवा सहा ठिपके वर येण्याची सैद्धांतिक संभाव्यता एक तृतीयांश. त्या हिशेबाने १,०५,२२४ वेळा ते यावयास हवे होते, पण आले १,०६,६०२ वेळा. फरक लहान दिसतो, तथापि इतक्या मोठ्या प्रयोगसंख्येत तो योगायोगाने पडण्याजोगा नव्हे. पाच व सहा ठिपक्यांच्या बाजूंवर कोरलेले खळगे अधिक, म्हणून त्या बाजू किंचित हलक्या, असे त्याचे कारण समजले जाते. सांगावयाचे हे की, पुस्तकातला फासा आणि हातातला फासा एकच असतील असे नाही, आणि ते कळण्यास टाकून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

वर्गात आरंभ नाण्यापासून करावा. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाने दहा वेळा नाणे उडवून छापे मोजावेत. येथे शिक्षकाने आधीच एक हिशेब मनाशी करून ठेवणे अगत्याचे आहे. दहा वेळांत नेमके पाच छापे मिळण्याची संभाव्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश असते. चाळिसांपैकी सुमारे दहाच मुलांस पाच छापे मिळतील. चार किंवा सहा मिळणारे सोळा-सतरा असतील, तीन किंवा सात मिळणारे नऊ-दहा, आणि दोन किंवा आठ मिळणारेही तीन-चार निघतील. ह्या संख्या प्रत्येक वर्गात थोड्याबहुत बदलतील. पण सर्व चाळीस वह्यांत पाचच आढळले, तर नाणी उडालीच नाहीत असे समजण्यास हरकत नाही.

अशा वह्या तपासणीत आढळतात, आणि त्या आढळल्यावर मुलांवर रागावणे हा सोपा पण निरुपयोगी उपाय होय. मूल खोटेपणाने तसे लिहीत नाही. गणितातील प्रत्येक उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेले असते, आणि आपले उत्तर त्याच्याशी जुळले म्हणजे आपण हुशार, हे त्याला पहिलीपासून शिकवलेले आहे. शिक्षकाने एका वहीत पाच पाहून 'शाब्बास' म्हटले, की मागल्या बाकावरच्या सात छाप्यांचे पाच होतात. विज्ञानाच्या प्रयोगवहीतही हेच चालते. तेथे त्याचा गवगवा होत नाही इतकेच. ह्यासाठी शाबासकी द्यावयाची ती आकड्यास देऊ नये, नोंदीस द्यावी. ज्याला दोन छापे मिळाले त्याची वही आधी वाचून दाखवावी, फळ्यावर तो आकडा सर्वांत वर लिहावा, आणि 'हा आकडा नसता तर आपल्या प्रयोगावर कोणी विश्वास ठेवला नसता' असे स्पष्ट सांगावे.

ह्याच संदर्भात एक खेळ फार उपयोगी पडतो. वर्गाचे दोन भाग करावेत. एका भागाने नाणे खरोखर वीस वेळा उडवून क्रमाने छापा-काटा लिहावा. दुसऱ्याने नाणे न उडवता मनाने वीस निष्पत्ती लिहाव्यात. कागद एकत्र करून शिक्षकाने ते पाहावेत आणि खरे कोणते व मनाचे कोणते ते सांगावे. बहुतेक वेळी ते साधते. खऱ्या वीस उडवण्यांत एकच बाजू सलग चार किंवा अधिक वेळा येण्याची संभाव्यता शंभरात सत्त्याहत्तर आहे. सलग पाच वेळा येण्याचीही शंभरात सेहेचाळीसच्या आसपास पडते. मनाने लिहिणारे मूल मात्र सलग तीन छापे लिहिताच बिचकते आणि चौथा काटा लिहिते. मास्तरांनी कसे ओळखले, ह्याचे रहस्य मुलांस दुसऱ्या दिवशीपर्यंत सांगू नये. काही मुले ते घरी नाणे उडवून शोधून काढतात, आणि तोच खरा स्वाध्याय.

प्रयोगसंख्या वाढत गेली म्हणजे काय होते, हे समजावण्यास जॉन केरिच ह्याचे उदाहरण चांगले आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाचा हा गणिताध्यापक १९४० च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन सैन्याने तो देश व्यापला, आणि त्यास जटलंड भागातील छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले. तेथे त्याने नाणे दहा हजार वेळा उडवले व प्रत्येक वेळची नोंद ठेवली. पहिल्या १० वेळांत छापे ४ आले, १०० वेळांत ४४, १,००० वेळांत ५०२ आणि १०,००० वेळांत ५,०६७. हे चार आकडे फळ्यावर लिहून मुलांस दोन गोष्टी काढावयास सांगाव्यात : निम्म्यापासूनचे अंतर, आणि गुणोत्तर. अंतर अनुक्रमे १, ६, २ व ६७ असे येते. म्हणजे शेवटी ते पुष्कळ वाढलेले आहे. गुणोत्तर मात्र ०.४, ०.४४, ०.५०२, ०.५०६७ असे अर्ध्याच्या जवळ जाते. बारकाईने पाहणारा विद्यार्थी येथे शंका काढील की, हजारांस गुणोत्तर अर्ध्याच्या जितके जवळ होते तितके ते दहा हजारांस नाही. ही शंका अत्यंत योग्य आहे. गुणोत्तर प्रत्येक पावलागणिक जवळ येत नसते. ते डगमगत येते, आणि डगमगण्याचा पल्ला हळूहळू आखूड होतो. आलेखावर हे शब्दांपेक्षा लवकर पटते.

अंतर वाढूनही गुणोत्तर स्थिरावते, हे ज्यास उमगले त्यास एका जुन्या गैरसमजुतीचे उत्तरही सापडते. पाच वेळा ओळीने छापा आला, आता काटा यावयासच हवा, असे मुलेच काय, मोठी माणसेही मानतात. नाण्यास स्मरण नसते. सहाव्या वेळीही दोन्ही बाजूंची संभाव्यता तीच असते. मागचे पाच छापे कोणी फेडून देत नाही. पुढच्या हजारो उडवण्यांत ते नुसते बुडून जातात. आकड्यांच्या जुगारात 'हा अंक फार दिवसांत लागला नाही' म्हणून त्यावर पैसे लावणारा, आणि तीन मुलींनंतर 'आता मुलगा होणारच' म्हणून सुनेवर चौथे बाळंतपण लादणारे घर, ह्या दोघांची चूक ह्याच एका ठिकाणी होते. आठवी-नववीच्या मुलामुलींसमोर हा दुसरा दाखला संयमाने पण अवश्य द्यावा.

नाण्याच्या बाबतीत उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे प्रयोगाची गरज मुलास मनापासून पटत नाही. म्हणून लगेच अशा वस्तूकडे वळावे की जिच्याविषयी सिद्धांत काहीच सांगू शकत नाही. आपल्याकडे अशी वस्तू फुकट मिळते. चिंचोका फोडून त्याचे दोन भाग केले की एक बाजू पांढरी व सपाट, दुसरी काळसर व फुगीर असा फासा तयार होतो. अष्टाचंगा खेळणाऱ्या घरांत तो आजही दिसतो. चार अर्धे चिंचोके टाकून चारही पांढऱ्या बाजू वर आल्यास चार, आणि चारही काळ्या वर आल्यास आठ मोजण्याची रीत आहे. निष्पत्ती दोन, मग पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता एक द्वितीयांश काय? 'दोन निष्पत्ती म्हणजे अर्धे-अर्धे' ही चूक दहावीच्या उत्तरपत्रिकांतही सापडते, आणि चिंचोका ती मुळापासून काढतो. कोणती बाजू अधिक वेळा वर येते, हे शिक्षकाने सांगू नये. स्वतःस ठाऊक असले तरी सांगू नये. मुलांनी आधी आपला अंदाज लिहावा. नंतर प्रत्येकाने चार चिंचोके पंचवीस वेळा टाकावेत; एका विद्यार्थ्याच्या शंभर नोंदी होतात, चाळीस जणांच्या चार हजार. अंदाज आणि नोंद शेजारी शेजारी ठेवावीत. दुसऱ्या चिंचेचे चिंचोके घेतले, किंवा मातीऐवजी सतरंजीवर टाकले, तर गुणोत्तर बदलते का, हा प्रश्न बहुधा मुलेच विचारतात. तो विचारला गेला की पाठ यशस्वी झाला म्हणावे.

बियांचे फासे करण्याची रीत फार प्राचीन आहे. पूर्वी द्यूतासाठी बेहड्याची फळे वापरीत, आणि बेहड्याच्याच झाडाखाली घडलेली एक कथा विदर्भातील शिक्षकास सहज सांगता येण्याजोगी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण अयोध्येहून दमयंतीच्या माहेरी, विदर्भातील कुंडिनपुरास निघालेला असतो. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर, असे मानले जाते. वाटेत राजा एका बेहड्याकडे पाहून त्याच्या फांद्यांवरील पानांची व फळांची संख्या सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल ते मुकाट्याने मान्य करीत नाही. स्वयंवराची घाई असताना तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते, आणि मगच तो राजाकडून अक्षविद्या घेतो. कथेतील राजाच्या ज्ञानाचे कौतुक सर्वजण करतात. वर्गात कौतुक करावे ते मोजून पाहणाऱ्या नलाचे.

चिंचोक्यानंतर वर्गाबाहेर पडावे. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा गावाचे उदाहरण घेऊ. एके काळी शेतांनी वेढलेला हा परिसर. आज तेथे लेआउट पडले आहेत, उंच इमारती उभ्या आहेत, आणि बेसा चौकातून मनीषनगरच्या दिशेने सकाळपासून वाहनांची रांग लागते. नागपुरातील वाहनांवर प्रामुख्याने तीन संकेतांक दिसतात : ३१ हा शहराचा, ४९ पूर्व नागपूरचा आणि ४० नागपूर ग्रामीणचा. बेसा हे ग्रामीण तालुक्यातले, पण वस्ती बरीचशी शहरातून आलेली; तेव्हा पुढून येणाऱ्या वाहनावर ४० असण्याची संभाव्यता किती? हे कोणत्याही पुस्तकात नाही. मुलांनी शाळेच्या आवाराच्या आत बसून, एकाने वाचावे, दुसऱ्याने खुणा कराव्यात, तिसऱ्याने एकूण वाहने मोजावीत. मुलांस रस्त्यावर उभे करू नये. शंभर वाहनांची एक नोंद सकाळी शाळा भरण्याच्या वेळी आणि एक दुपारी घ्यावी. दोन्ही गुणोत्तरे वेगळी आली, तर त्याचे कारण मुले आपापसांत वाद घालून शोधतात : सकाळी नोकरीसाठी शहराकडे जाणारी वाहने, दुपारी मालाची व गावांकडची. एकाच चौकाची संभाव्यता वेळेप्रमाणे बदलते, म्हणून नोंदीवर स्थळ, दिवस व वेळ लिहिल्याशिवाय ती नोंद निरर्थक, हे येथे न सांगता कळते.

त्याच नोंदीवरून आणखी एक प्रश्न घेता येतो. वाहन क्रमांकाचा शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही असू शकतो. ते दहा अंक समसंभाव्य आहेत काय? सिद्धांत 'होय' म्हणू पाहतो. पण पसंतीच्या क्रमांकासाठी लोक जादा शुल्क भरतात हे मुलांस चांगले ठाऊक असते. मग कोणता अंक अधिक यावा आणि तो खरोखर येतो का, हे त्यांनीच मोजावे.

शेतकरी घरांतील मुलांस प्रायोगिक संभाव्यता नावाने नसली तरी कृतीने परिचित असते. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी त्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवतात, आणि सहा-सात दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजतात. सोयाबीनच्या बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती हे प्रमाण ठरलेले आहे. ही चाचणी म्हणजे दाणा उगवण्याची प्रायोगिक संभाव्यताच होय, आणि तिच्यावर एका घराचा खरीप हंगाम अवलंबून असतो. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात व तोवर पेरणीची धांदल सुरू झालेली असते. म्हणून शाळेत ही चाचणी ऑक्टोबरमध्ये हरभऱ्यावर घेणे सोयीचे. बेसा परिसरात आता नांगर दुर्मीळ झाला असला, तरी कुंडीपुरते दाणे प्रत्येक घरी मिळतात.

येथे मोठ्या मुलांसमोर एक महत्त्वाचा प्रश्न ठेवावा. एका गुंडाळीत ७२ दाणे उगवले, दुसरीत ६६. बियाणे घ्यावे की टाकावे? ह्यासाठी एक ढोबळ नियम पुरेसा आहे : प्रयोगसंख्येचे वर्गमूळ काढून एकास त्याने भागावे, खरी संभाव्यता बहुधा आपल्या गुणोत्तराच्या दोन्ही बाजूंस तेवढ्या अंतरात असते. शंभर दाण्यांस हे अंतर एक दशांश, म्हणजे शेकडा दहा. चारशे दाण्यांस ते शेकडा पाच. चूक निम्मी करावयाची तर कष्ट चौपट. तेव्हा ७२ आणि ६६ ह्यांतील फरक केवळ योगायोगाचाही असू शकतो, आणि एका गुंडाळीवर निर्णय करणे धोक्याचे. तीन-चार गुंडाळ्या लावाव्यात आणि पोत्याच्या वरचेच नव्हे, मधले व तळाचेही दाणे घ्यावेत. पाहून पाहून टपोरे दाणे निवडले तर चाचणी खोटी होते. आणि ती खोटी झाल्याचे शेत पेरल्यावरच कळते.

निवड माणसाच्या पसंतीवर सोडू नये, हे तत्त्व भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत काम करताना पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यांच्या पीक कापणी प्रयोगांनी काढण्याची पद्धत उभी केली. आजही पीक कापणी प्रयोगासाठी शेतातील कोणता तुकडा कापावयाचा हे यादृच्छिक अंकांनी ठरवितात. गावात असा प्रयोग होणार असेल, तर आठवी-नववीचा वर्ग तो पाहावयास अवश्य न्यावा.

वेळेचा प्रश्न शिक्षक नेहमी उपस्थित करतात आणि तो खरा आहे. नाण्याचा पाठ एका तासिकेत होतो. चिंचोक्यास दोन लागतात. वाहनांची मोजणी मधल्या सुट्टीलगत ठेवावी. नोंदीचा तक्ता साधा असावा : अनुक्रमांक, निष्पत्ती, तोवरची एकूण संख्या, तोवरचे गुणोत्तर. खोडरबर ह्या तासिकेपुते बाजूला ठेवावयास सांगावे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, म्हणजे तो वाचता येतो. वर्गाच्या भिंतीवर आलेखाचा एक मोठा कागद लावून त्यावर प्रत्येक गटाने आपली संख्या मिळवीत जावे. पहिल्या शंभरपर्यंत रेषा खालीवर उड्या मारते आणि मुले हसतात. पाचशेच्या पुढे ती शांत होऊ लागते, तेव्हा वर्गही शांतपणे पाहू लागतो. गुण द्यावयाचे झाल्यास दहांपैकी सहा नोंदीच्या पूर्णतेस, तीन निष्कर्षाच्या भाषेस आणि एकच गुण गुणोत्तराच्या गणितास द्यावा. उत्तर अर्ध्याच्या जवळ आले म्हणून एकही गुण देऊ नये.